हाताची नस दबली आहे का, हे सोनोग्राफीत दिसतं का?

कवळ्याची_सून
नमस्कार मंडळी. सासूबाईंना (वय ५८) गेल्या पावसाळ्यापासून उजव्या हाताला मुंग्या येतात. दिवसा कमी, रात्री जास्त. मध्यरात्री उठून हात झटकत बसतात, मग थोडं बरं वाटतं. आधी काजूच्या कारखान्यात बी फोडण्याच्या यंत्रावर होत्या, आता घरीच गराची साल काढायचं काम करतात. हल्ली हातातून गर निसटतात.

पहिल्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढायला लावला. त्यात मणक्यांची झीज निघाली, मानेला पट्टा मिळाला, हाताला काडीचा फरक नाही. दुसरे डॉक्टर म्हणाले मनगटात नस दबली असणार, करंटची टेस्ट करून घ्या. शेजारणीने सांगितलं की त्यात सुया टोचतात. झालं, सासूबाई आता त्या टेस्टचं नावही काढू देत नाहीत. मडगावच्या नणंदेचं म्हणणं की हल्ली नस सोनोग्राफीतही दिसते. हे खरं का? आणि करंटच्या टेस्टऐवजी चालतं का? थायरॉइडची गोळी चालू आहे, साखर नाही.

सत्तरीकर
सोनोग्राफी पोटाची असते. नस कसली दिसणार? एमआरआय झाला, आता हे, मग ते. पैसे काढायचे धंदे.

डिचोलीची_नलू
ताई, मी करंटची टेस्ट केलेली आहे. शेजारणीने दोन टेस्ट एकत्र करून सांगितल्या. पहिल्या भागात त्वचेवर पट्ट्या लावून छोटे झटके देतात, बोटं आपोआप उडतात. विचित्र वाटतं, पण सहन होतं. सुई दुसऱ्या भागात, स्नायूत घालतात, आणि ती प्रत्येकाला लागतेच असं नाही. मला लागली नव्हती. आधी माझा हात गरम पाण्यात धरायला लावला होता, का ते कोणी सांगितलं नाही.

काळोख्या_खोलीतला
मी रेडिओलॉजिस्ट आहे, दक्षिण गोव्यात काम करतो. आधी नलूताईंचं, कारण ते सोपं आहे. हात थंड असला की नसेतून संदेश हळू जातो आणि निरोगी नसही आजारी असल्यासारखी भासते. एसीच्या खोलीत बसलेल्या माणसाचा हात थंडच असतो, म्हणून गरम पाणी.

आता मूळ प्रश्न. हो, दिसते. सत्तरीकर, पोटासाठी वापरतात तो प्रोब (त्वचेवर फिरवतात तो दांडा) खोलवर बघतो, पण बारकावे दाखवत नाही. नसेसाठी सपाट तोंडाचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा लिनिअर प्रोब लागतो, १२ ते १८ मेगाहर्ट्झचा किंवा त्याहून वरचा. त्याने त्वचेखालच्या दोन-तीन सेंटिमीटरमधलं एमआरआयपेक्षाही बारीक दिसू शकतं. हाताच्या नसा बहुतेक ठिकाणी एवढ्याच खोलीवर असतात, ही आपल्या नशिबाची गोष्ट. नस आडवी कापल्यासारखी बघितली की मधाच्या पोळ्यासारखी दिसते: काळे ठिपके म्हणजे तंतूंच्या जुड्या, भोवती पांढरी जाळी. शेजारचे स्नायुबंध जवळपास तसेच दिसतात, पण प्रोब जरा कलता केला की ते एकदम काळे पडतात आणि नस मात्र फारशी बदलत नाही. शिकाऊ डॉक्टरांना पहिली युक्ती हीच शिकवतात.

मनगटात एक अरुंद बोगदा आहे. तळाला आणि बाजूंना हाडं, वर जाड पडदा. त्यातून बोटं वाकवणारे ९ स्नायुबंध आणि एक नस जाते. ती मीडियन नस. आत दाब वाढला की सगळ्यात मऊ वस्तू चेपते, म्हणजे नस. पण गंमत अशी की चेपलेल्या जागेपेक्षा तिच्या अलीकडे, बोगद्याच्या तोंडाशी, नस फुगते. आम्ही मुख्यतः तो फुगवटा मोजतो. मनगटाच्या घडीपाशी करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढं हाड हाताला लागतं ना, त्या पातळीवर नसेचं क्षेत्रफळ मोजायचं. साधारण १० चौरस मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक, त्यावर गेलं की शंका.

ऑस्ट्रियात इन्सब्रुकला बुकबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ च्या सुमारास हे निष्कर्ष मांडले, म्हणजे प्रकार काही कालचा नाही. २०१२ मध्ये नस आणि स्नायूंच्या विद्युत तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेने मनगटातल्या नसेच्या निदानासाठी सोनोग्राफी अचूक आहे असं मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं. करंटची टेस्ट करणारेच हे म्हणाले, म्हणून मला त्याचं वजन वाटतं.

ताई, एक गोष्ट बघून सांगा. मुंग्या करंगळीलाही येतात का?

कवळ्याची_सून
डॉक्टर, त्या आधी "सगळ्या हाताला" म्हणत होत्या. काल रात्री जागं करून एकेक बोट विचारलं (शिव्या खाल्ल्या). अंगठा, पहिलं बोट, मधलं, आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळी स्वच्छ. तळव्याचा मधला भागही ठीक आहे म्हणतात.

काळोख्या_खोलीतला
हे ऐकून कुठल्याही यंत्राशिवाय माझा कल मनगटाकडे झुकतो. अनामिका मधोमध वाटली जाणं हे मीडियन नसेचं लक्षण, मानेतून आलेल्या दुखण्यात ती अशी सहसा वाटली जात नाही. तळवा वाचतो कारण त्याची छोटी फांदी बोगद्याच्या आधीच वेगळी होऊन वरून जाते. आणि रात्री हात झटकून बरं वाटणं तर पुस्तकी आहे.

मानेच्या एमआरआयचं म्हणाल तर पन्नाशीनंतर झीज बहुतेकांच्या मानेत दिसते, ज्यांना काही होत नाही त्यांच्याही. मानेतून निघणाऱ्या नसांची सहावी आणि सातवी मुळं अंगठा ते मधल्या बोटापर्यंत येतात, म्हणून गोंधळ होतो. पहिल्या डॉक्टरांनी मान बघितली यात गैर काही नाही, फक्त मनगट बघायचं राहिलं. दोन्ही एकदमही असू शकतं बरं का. १९७३ मध्ये अप्टन आणि मॅककोमास यांनी अशी कल्पना मांडली की वर एका जागी थोडी चेपलेली नस खाली दुसऱ्या चेपण्याला लवकर बळी पडते. त्यावर अजून वाद आहेत.

थायरॉइड कमी असणं हे मनगटात नस दबण्याचं एक ओळखीचं कारण आहे. गोळीचा डोस बरोबर आहे का, ती रक्ततपासणी किती जुनी आहे ते बघा. ते स्कॅनपेक्षा स्वस्त काम.

मनगटी
मी फिजिओथेरपिस्ट. एक गोंधळ आत्ताच मोडते, कारण माझ्याकडे आठवड्याला कोणीतरी तो घेऊन येतं. आमच्या क्लिनिकमध्ये जे "अल्ट्रासाऊंड" लावतात, जेल लावून गोल गोल फिरवतात, ते उपचाराचं यंत्र आहे. त्यात चित्र दिसत नाही. "माझा अल्ट्रासाऊंड झालाय, नस ठीक आहे" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा फक्त शेक झालेला असतो.

सत्तरीकर
मग तुम्हीच ते चित्रवालं मशीन ठेवा की. लोकांना मडगाव-पणजी कशाला फिरवता?

काळोख्या_खोलीतला
ठेवता येत नाही. गर्भलिंग निदान रोखण्याचा १९९४ चा कायदा आहे, त्याखाली सोनोग्राफीचं यंत्र नोंदणीकृत जागेतच असावं लागतं आणि कायद्याने पात्र डॉक्टरनेच ते चालवायचं. यंत्र मनगटासाठी वापरणार की पोटासाठी, याने फरक पडत नाही. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी पाटी बाहेर असते ती त्याचीच. परदेशात फिजिओ आणि न्यूरॉलॉजिस्ट खिशातलं यंत्र घेऊन फिरतात, आपल्याकडे ते तितकं सोपं नाही. कायदा का आला हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी त्याबद्दल कुरकुरत नाही.

दायां_बायां
तबला वाजवतो, वास्कोच्या सप्ताहात दर वर्षी. माझी गोष्ट करंगळीची. वाजवताना कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी टुक्‌ करून सरकायचं आणि करंगळीत वीज जायची. करंटची टेस्ट दोनदा नॉर्मल. घरचे म्हणाले मनाचे खेळ.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टर बाईंनी प्रोब कोपरावर धरला आणि म्हणाल्या, हात हळूहळू वाकवा. पडद्यावर मी स्वतः बघितलं, नस हाडाच्या खोबणीतून उडी मारून पुढे आली आणि हात सरळ करताच परत मागे. नंतर टेबलाची उंची बदलली, बसायची पद्धत बदलली, रात्री कोपर वाकवून झोपू नये म्हणून टॉवेल गुंडाळतो. ऑपरेशन अजून नाही.

काळोख्या_खोलीतला
तबलजींच्या उदाहरणासाठीच मी हा धागा वाचत होतो म्हणा. हात हलताना बघता येतं, ही सोनोग्राफीची खरी ताकद. एमआरआयमध्ये माणूस स्थिर झोपलेला, करंटच्या टेस्टमध्ये चित्रच नाही. कोपरातून अल्नर नस जाते, आपण ठेच लागली की ज्या जागी झिणझिण्या येतात तीच.

पण सावधगिरी: नस अशी सरकणं कुठलाही त्रास नसलेल्या बऱ्याच लोकांतही दिसतं. म्हणून "नस सरकते" एवढ्यावर कोणी ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्या. सरकते, फुगलेली आहे, लक्षणंही जुळतात, असं सगळं एकत्र यावं लागतं.

सत्तरीकर
डॉक्टरसाहेब, भांडायचं म्हणून नाही, पण विचारतो. १० च्या वर दबलेली आणि ९ असेल तर नाही? एका मिलिमीटरवर माणसाला आजारी ठरवायचं? आणि मोजणारा बदलला की आकडा बदलणार.

काळोख्या_खोलीतला
बदलतो. तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि तो आमच्या परिषदांमध्येही घेतला जातो. वेगवेगळ्या अभ्यासांत ही सीमा ९ पासून १२ पर्यंत धरलेली आहे. प्रोब तिरका धरला की आकडा फुगतो, पांढरी कड धरून मोजलं तरी फुगतो. मोठ्या हाडापेराच्या माणसाची नस मुळात मोठी असते. मधुमेहात नसा सगळीकडेच थोड्या जाड होतात.

म्हणून एकट्या आकड्यावर अवलंबून राहू नये. तीच नस मनगटाच्या वर साधारण १२ सेंटिमीटरवर, बाहूत (म्हणजे कोपराच्या खालच्या भागात) मोजायची आणि दोन्हींचं गुणोत्तर काढायचं. माणूस जाड असो की बारीक, स्वतःशीच तुलना होते. मनगटातली नस बाहूतल्या नसेच्या साधारण १.४ पटीपेक्षा मोठी असेल तर संशय पक्का होतो. शिवाय पडदा वर फुगलाय का, नस आत चपटी झालीय का, तिच्यात रक्तप्रवाह वाढलाय का, हेही बघायचं. काही लोकांची मीडियन नस जन्मतःच दुभागलेली असते आणि मधून एक जादा रोहिणी (धमनी) जाते; सर्जनला ते आधी कळलेलं बरं. बोगद्यात गाठ, पाण्याची फुगी, स्नायुबंधांची सूज सापडली तर उपचारच बदलतो. करंटच्या टेस्टला यातलं काहीच कळत नाही.

उलट, नस किती काम करतेय, तंतू मेलेत का, स्नायूचा पुरवठा तुटलाय का, हे सोनोग्राफीला कळत नाही. ते करंटची टेस्ट सांगते. ती टेस्टही सुरुवातीच्या दुखण्यात काही जणांची नॉर्मल येते. माझं मत विचाराल तर लक्षणं स्पष्ट असतील तर आधी सोनोग्राफी, कारण ती दुखत नाही आणि जागा दाखवते. ऑपरेशनचा विचार सुरू झाला, किंवा मान आणि मनगट यात गोंधळ उरला, तर करंटची टेस्ट. दोघींना एकमेकींच्या सवती समजू नका.

काजूबोंडू
विषयांतर, पण गर सोलणाऱ्या बायकांना हातमोजे तरी देतात का हल्ली? आमच्या आजीची बोटं त्या टरफलाच्या तेलाने कायम जळलेली असायची.

कवळ्याची_सून
तेल फोडताना लागतं, सोलताना नाही. पण चिमूट चिमूट तेच काम तासन्‌तास.

निवृत्त_परिचारिका
इतकं सगळं लिहिलंत, पण एक गोष्ट कोणी काढली नाही, म्हणून बोलते. आपल्या देशात करंगळी बधीर, हातात शक्ती नाही, असा माणूस आला की अंगावर फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा आहे का ते बघायलाच पाहिजे. कुष्ठरोग. नाव घेतलं की लोक चिडतात. २००५ साली देशपातळीवर दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं, आणि लोकांना वाटलं रोग संपला. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण अजूनही भारतात सापडतात.

आम्ही आरोग्य केंद्रात कोपराच्या मागे बोटांनी नस चाचपायचो. जाड लागली की पुढे पाठवायचं. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. वेळेवर घेतलं तर बोटं सहसा वाकडी होत नाहीत. आमच्या हाताला जे लागायचं ते सोनोग्राफीत दिसतं का डॉक्टर?

काळोख्या_खोलीतला
बाई, दिसतं, आणि तुम्ही आठवण केलीत हे फार चांगलं झालं. साध्या दाबात अल्नर नस कोपराच्या खोबणीत किंवा लगेच खाली, थोड्याच लांबीत फुगते. कुष्ठरोगात ती बरेचदा कोपराच्या वर, दंडाच्या खालच्या भागात सगळ्यात जाड असते, जास्त लांबीत असते, आणि आतली जाळी विस्कटलेली दिसते. रोगाचा भडका उडून नसेला सूज आली असेल तर डॉपलरमध्ये नसेच्या आत रक्तप्रवाह दिसू लागतो. तो दिसला तर थांबायचं नसतं, त्याच दिवशी रुग्णाला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवायचं. स्टेरॉइड वेळेत सुरू झालं तर हात वाचतो. म्हणून कोपराची तपासणी सांगितली असेल तर प्रोब कोपरावरच थांबवू नये, दंडात वरपर्यंत न्यावा. सगळेच तसं करत नाहीत.

कवळ्याची_सून
स्कॅन झाला. (आधी फोन करून "लिनिअर प्रोब आहे का, मनगटातली नस मोजता का" विचारलं. दोन ठिकाणी समोरच्या मुलीला प्रश्नच कळला नाही, तिसऱ्या ठिकाणी लगेच हो म्हणाली.) सासूबाई खूश, "नुसतं थंडगार जेल, बस." रिपोर्टमध्ये उजवी मीडियन नस मनगटात १४, बाहूत ७. डावी मनगटात ११. पडदा वर फुगलेला, गाठ किंवा सूज नाही, अंगठ्याच्या मुळाशी स्नायूंची जाडी जपलेली. डाव्या हाताला तर काही होत नाही, मग ११ का?

काळोख्या_खोलीतला
कागदावरून निदान मी देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. एवढं सांगतो की उजव्या हाताचं गुणोत्तर २ येतं आणि ते लक्षणांशी जुळतं. हा त्रास पुष्कळांना दोन्ही हातांना होतो, एक पुढे, एक मागे. डाव्या हाताचा आकडा सीमेवरचा आहे, त्रास नसेल तर लक्ष ठेवायचं. आणि स्नायू शाबूत आहेत हे रिपोर्टमधलं सगळ्यात चांगलं वाक्य. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट व्हायला लागला असता तर मी तुम्हाला सर्जनकडे जायची घाई करायला सांगितलं असतं.

पुढे ऑपरेशन झालंच, तर नंतर महिन्याभरात परत स्कॅन करून "नस अजून फुगलेली आहे" म्हणून घाबरू नका. त्रास गेला तरी फुगवटा बरेच महिने राहू शकतो.

मनगटी
ताई, बहुधा आधी रात्री मनगटाला बांधायचा आधारपट्टा, म्हणजे स्प्लिंट देतील. दुकानातला तयार घ्याल तर आतली धातूची पट्टी बघा. पुष्कळ स्प्लिंट मनगट मागे वाकवून धरतात, आणि मागे वाकलेल्या मनगटातही बोगद्यातला दाब वाढतो. पट्टी बाहेर काढून सरळ करून परत घालायची. बोटं मोकळी राहिली पाहिजेत. पट्टे इतके घट्ट नकोत की सकाळी त्वचेवर वळ उठतील. फरक पडायला काही आठवडे द्या, दोन रात्रींत काढून फेकू नका. गर सोलताना मनगट खाली वाकवून बसतात ना? पाट आणि ताटाची उंची बदलून बघा.

नाहीच फरक पडला तर मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं, तेही सोनोग्राफीत बघून देता येतं, सुई नसेला लागायचा धोका कमी होतो.

कवळ्याची_सून
देव बरें करूं सगळ्यांचं. सत्तरीकर, तुमच्या प्रश्नामुळे गुणोत्तराचं कळलं, नाहीतर मी नुसता १४ बघून घाबरले असते.

सत्तरीकर
ठीक आहे. पोटापलीकडेही सोनोग्राफी असते, मान्य. पण भाव काय लावतात ते आधी विचारूनच जावं माणसाने.

पिवळा_पायलट
मी म्हापशाला मोटरसायकल पायलट आहे, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून माणसं सोडतो. वाचून माझाच हात बघत बसलोय. माझी करंगळी आणि बाजूचं अर्धं बोट बधीर. हँडल दिवसभर दाबून धरतो, त्यामुळे मनगटात असेल ना? सायकलवाल्यांना होतं म्हणे.

काळोख्या_खोलीतला
होऊ शकतं. अल्नर नस मनगटात तळहाताच्या बाजूने वेगळ्या छोट्या वाटेने जाते आणि हँडल नेमकं तिथे रुततं. पण एक खूण बघा. करंगळीच्या बाजूला हाताची मागची बाजू, म्हणजे मुठीवर हात फिरवल्यावर लागते ती त्वचा, बधीर आहे का? तिथली फांदी मनगटाच्या बरीच आधी वेगळी होते. मागचा भाग ठीक असेल तर संशय मनगटावर, तोही बधीर असेल तर कोपरावर.

पिवळा_पायलट
मागची बाजूही बधीर आहे. पण कोपराला मी काहीच करत नाही हो.

मनगटी
दुपारी भाडं नसताना स्टँडवर कसे बसता?

पिवळा_पायलट
टाकीवर कोपर टेकून. मोबाईल बघत.

मनगटी
ते आजपासून बंद. फोन कानाला धरून लांब गप्पाही नकोत, इअरफोन घ्या.

काळोख्या_खोलीतला
आणि निवृत्त बाईंनी सांगितलेला चट्टा अंगावर कुठे नाही ना, ते घरच्यांकडून पाठीवरही बघून घ्या. अंगठा आणि पहिल्या बोटामधला मागचा मांसल भाग दोन्ही हातांचा शेजारी धरा. बधीर बाजूचा खोल गेलेला दिसला तर हा धागा बंद करून सरळ डॉक्टरकडे जा. चिठ्ठीवर "कोपर आणि मनगट, दोन्ही, अल्नर नस" असं लिहून घ्या. नुसतं "हाताची सोनोग्राफी" लिहिलं तर तपासणारा नेमकं कुठे बघायचं याचा अंदाजच बांधत बसतो.